खरचटलेला गोल्फ बॉल आणि पंख्यावरची धूळ

नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की कोणाला गोल्फ आठवत नाही, आठवतो तो जॉगिंग ट्रॅक नाहीतर रणजीची मॅच. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा. तर याच ट्रॅकवर आमच्या ग्रुपमधल्या एकाने, ज्याला रिटायर झाल्यापासून खऱ्या गोल्फचं खूळ लागलंय, परवा सांगितलं की त्याने ऑनलाइन दोन डझन वापरलेले बॉल मागवलेत, नव्याच्या निम्म्याहून कमी भावात. झालं, सगळे तुटून पडले त्याच्यावर. तळ्यातून काढलेले असतात रे ते, मेलेले बॉल, चार पावलं जायचे नाहीत वगैरे. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण तरी राहवलं नाही. कारण आज गोल्फ बॉलवर जे खड्डे दिसतात ना, ते मुळात जुन्या, वापरलेल्या बॉलनेच माणसाला शिकवलेत.

१८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून गोल्फ बॉल बनायला लागले, एकदम गुळगुळीत. आणि खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की कोराकरकरीत बॉल मध्येच खाली येतो आणि ठोकून ठोकून खरचटलेला मात्र लांब जातो. मग काय, लोक नवीन बॉलच हातोडीने टोचून घ्यायला लागले! १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलरने गोल खड्ड्यांचं, म्हणजे डिंपलचं पेटंट घेतलं. पण हे असं का होतं ते तेव्हा कोणाला धड सांगता येत नव्हतं.

आता माझा आवडता भाग. घरातला पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यावर धूळ बसते, ती उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटलेली हवा पात्याबरोबरच फिरते, धुळीला वारा लागतच नाही. जरा वर गेलं की हवेचा वेग बदलत जातो. हा जो पातळसा थर आहे त्याला सीमास्तर म्हणतात, लुडविग प्रांटल या जर्मन माणसाने १९०४ मध्ये तो मांडला आणि माझ्या मते विमानापासून क्रिकेटपर्यंत सगळं त्या एका थरात आहे.

बॉल उडताना हवा पुढून येते, बाजूने वेग घेते आणि मग मागे वळते. मागच्या बाजूला दाब वाढत जातो, म्हणजे हवेसाठी तो कसारा घाटाचा चढ समजा. बॉलला घासून आलेली हवा आधीच दमलेली, लोड भरलेल्या ट्रकसारखी, ती अर्ध्यात थांबते आणि बॉलला सोडून देते. गुळगुळीत बॉलवर हे नाकापासून, म्हणजे हवेला आधी भिडणाऱ्या पुढच्या टोकापासून, साधारण ८० अंशावरच होतं. मग बॉलच्या मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा राहतो, कमी दाबाचा, भरधाव एसटीच्या मागे धूळ-कचरा ओढला जातो ना तसा, आणि तोच बॉलला मागे खेचतो. डिंपल काय करतात, तर त्या थरात मुद्दाम गोंधळ माजवतात. गोंधळामुळे वरची जोरात जाणारी हवा खाली मिसळते, दमलेल्या ट्रकला मागून धक्का बसतो आणि हवा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत बॉलला चिकटून राहते. मागचा पट्टा अरुंद, ओढ जवळपास निम्मी.

टॉवरवाल्या आयफेलने १९१२ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात पाहिलं होतं की वेग वाढवत नेला की गोळ्यावरची ओढ एका ठिकाणी अचानक पडते. प्रांटलने १९१४ मध्ये गोळ्याला नुसती तारेची कडी लावून तेच कमी वेगात करून दाखवलं. इथे रेनॉल्ड्स नंबर लागतो, म्हणजे हवा गोळ्याभोवती कशी वाहील ते सांगणारा आकडा: वेग गुणिले व्यास भागिले हवेचा चिकटपणा (घनतेने भागलेला). गुळगुळीत गोळ्याला ही पडझड व्हायला तो ३ लाखांच्या आसपास लागतो, आणि सेकंदाला ७० मीटरने मारलेला गोल्फ बॉल जातो २ लाखांपर्यंतच. म्हणजे थोडक्यात हुकतो. डिंपल असले की हेच ५० हजारांच्या आसपास होऊन जातं. डोक्यावरून गेलं असेल तर सोडा, रिव्हर्स स्विंग आठवा, तिथेही सगळा खेळ या थरातल्या गोंधळाचाच. आणि १९७१ मध्ये ॲलन शेपर्डने चंद्रावर गोल्फ बॉल मारले तेव्हा त्या डिंपलचा काडीचा उपयोग नव्हता, हवाच नाही!

तर मुद्दा असा की वापरलेल्या बॉलवर पेनची खूण असू दे, बारीक ओरखडे असू देत, काही बिघडत नाही. बिघडतं ते रंगवलेल्या बॉलमध्ये. काही विक्रेते जुने बॉल घासून परत पेंट मारून चकाचक करतात. डिंपलची खोली असते जेमतेम पाव मिलिमीटर, त्यात रंगाचा जाड थर बसला की खड्डे बुजतात, कडा गोलावतात, आणि आपण पैसे देऊन १८४८ कडे परत निघतो. नुसते धुतलेले घ्या, मळकट दिसले तरी.

राहिला पाण्याचा प्रश्न. बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असा नियम आहे, शाळेतल्या सूत्राने घनता काढा, १.१३ येते, म्हणून तळ्यात बुडतो. रामकुंडात पोरं बुड्या मारून नाणी काढतात तसे तिकडे हवेची टाकी लावून बॉल काढणारे असतात, धंदाच आहे तो. कॅलिफोर्नियात कार्मेलच्या किनाऱ्याजवळ दोन वर्षांत ५० हजारांवर बॉल समुद्रातून काढले गेले, तेव्हा कोणीतरी असे जुने बॉल परत वापरतंय हे बरंच आहे. पाणी वरच्या प्लास्टिकमधून हळूहळू आत झिरपतं आणि आतल्या रबराची उसळी कमी करतं हे खरं, पण ते दोन-चार दिवसांत होत नाही, महिनोन्‌महिने पडून राहिला तर होतं. पाण्यात टाकलं की लगेच सगळं विरघळतं असं आपल्याला वाटतं, त्याच रामकुंडात अस्थीसुद्धा विरून जातात म्हणतात. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट साध्या पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, ते प्रवाहाबरोबर पुढे जातं किंवा तळाशी बसतं, पण हे मोठ्याने बोललं की लोक रागावतात.

मित्राकडे जाऊन आम्ही टेस्ट केली. नवा बॉल आणि जुना बॉल एका उंचीवरून फरशीवर सोडायचे आणि मोबाइलवर स्लो मोशन. २४ पैकी २१ नव्याच्या बरोबरीने उसळले. एक फारच मंद निघाला, तो बहुतेक तळ्यात मुक्कामाला होता. दोन उसळले व्यवस्थित पण नखाने डिंपलची कडच लागेना, रंगवलेले. ते दोन वहिनींनी टाचदुखीसाठी पायाखाली फिरवायला घेतले, म्हणाल्या, गुळगुळीतच बरे.