मीठ तेवढं विकतचं

ज्वारी रानातली, तूर रानातली, मिरची परसातली; मीठ तेवढं विकतचं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं. आपल्याला समुद्र नाही. १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्यालाही किनारा नव्हता. मीठ यायचं ते आधी लमाणांच्या बैलांवरून, मग रेल्वेने. किराणा दुकानाबाहेर खडे मिठाचं पोतं रात्रीसुद्धा तसंच पडलेलं असायचं, अन् पावसाळ्यात त्याच्याखालची फरशी ओली व्हायची.

आज मिठात आयोडीन मिसळतात. शरीराला लागणारं हे द्रव्य द्यायला मीठच का निवडलं, याचं उत्तर या विकतच्या, घरोघरी बाहेरूनच येणाऱ्या मिठातच आहे. पिकात आयोडीन येतं ते मातीतून, आणि मातीतलं पावसापुराने धुऊन जातं. मग घरच्या रानातलंच खाणाऱ्याला ते कमी पडू शकतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं अवघं १५० मायक्रोग्रॅम. तेवढंही मिळालं नाही तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढते, तो गलगंड. गर्भारपणात फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ती नंतर भरून निघत नाही. मला तरी हेच जास्त गंभीर वाटतं; गलगंड निदान डोळ्यांना दिसतो.

स्वित्झर्लंडने १९२२ मध्येच आयोडीनचं मीठ सुरू केलं होतं. आपल्याकडे १९५६ पासून वैद्यकीय संशोधक डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं, आणि गलगंड स्पष्टपणे घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, पण भर हिमालयाच्या पट्ट्यावर. पुढच्या पाहण्यांत एकही राज्य सुटलेलं दिसेना, तेव्हा १९८४ मध्ये देशभरचं खायचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. त्यापायी आलेली साध्या, म्हणजे आयोडीन नसलेल्या खायच्या मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

आमची आजी खडे मीठ धुऊन घ्यायची, स्वच्छ म्हणून. आयोडीन मिसळलेलं असेल तर ते असं धुतल्याने जातं. मिठावर तपासणीच्या किटमधला थेंब टाकला की आयोडीन असल्यास ते निळं-जांभळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. मात्र आयोडीन हवं म्हणून मीठ वाढवायचं नाही; रक्तदाबाला दोन्ही मिठं सारखीच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याला थोडं कमीच पुरे. आयोडीन टिकावं म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावावं, आणि वरणाला मीठ शेवटी, उतरवताना घालावं.