शेवटची दोन मिनिटं

पहिल्या वर्षाची शारीरिक शिक्षणाची परीक्षा असली की कॉलेजच्या मैदानावर एक दृश्य हमखास दिसतं. बारा मिनिटांची धाव. सर शिट्टी मारतात, पोरं बस चुकत असल्यासारखी सुटतात आणि तिसऱ्या फेरीला निम्मी कमरेवर हात ठेवून चालू लागतात. शेवटच्या शिट्टीला कुणी गुडघे धरून उभा, कुणी झाडाखाली आडवा. मार्क पडतात. मैदानाशी नातं मात्र तिथेच तुटतं.

ही चाचणी डॉ. केनेथ कूपर यांची, १९६८ सालची, अमेरिकी हवाई दलाच्या जवानांवर बेतलेली. आपल्या पोरांनी तोवर मोबाइल सोडून काही उचललेलं नसतं.

दम लागण्याला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे पळता पळता गप्पा मारता येतात. पलीकडे रक्तात लॅक्टेट, म्हणजे स्नायू जोरात राबताना तयार होणारा पदार्थ, साचू लागतं, श्वास झपाट्याने वाढतो, वाक्य मध्येच तुटतं. व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पॅन्टेलाइमन एक्केकाकिस यांच्या अभ्यासांत दिसलं, की हा उंबरठा बराच ओलांडला की जवळपास प्रत्येकालाच नकोसं होतं. बैठ्या माणसाचा उंबरठा तर भरभर चालण्यातच येऊ शकतो. याला आपण आळस म्हणून मोकळे होतो.

त्यात आठवणीची गंमत. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या ३२ तरुणांना १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेत तेच मिनिट आणि वर ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. पुन्हा करायचं तर कोणतं? बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली! एकूण त्रास जास्त, पण शेवट सुसह्य.

२०१६ मध्ये एक्केकाकिस आणि सहकाऱ्यांनी हेच व्यायामात पाहिलं. १५ मिनिटांत एका गटाचा जोर चढवत नेला, दुसऱ्याचा उतरवत. नंतर व्यायाम गोड आठवला तो उतरत्या गटाला.

मार्कांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. उरी नीझी आणि गॅरी चार्नेस या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना जिमला जायचे पैसे दिले, तेव्हा पैसे थांबल्यावरही आधी न जाणारे काही जण जात राहिले. आमिष दारापर्यंत आणतं. मग पहिल्याच दिवशी दम कशाला काढायचा? शेजारच्याशी कालच्या मॅचबद्दल बोलत पळा, वाक्य तुटलं की चाला, आणि शेवटची दोन मिनिटं नुसत्या गप्पांची ठेवा.