लाल टोपीची सिरिंज आणि झाग्रेबचे उंदीर

आमच्या सोलापुरात डिसेंबरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी खांद्यावरनं मिरवायच्या नंदीध्वजाचा सराव सुरू झाला की आमच्या मेडिकलवर दुखऱ्या खांद्याची न् कंबरेची गिऱ्हाइकं वाढतात. स्प्रे, क्रेप बँडेज, डायक्लो, हे नेहमीचंच. गेल्या सरावाला गल्लीतलंच एक पोरगं आलं, म्हणालं काका, इन्सुलिनची सिरिंज द्या की. म्हटलं घरात कुणाला शुगर निघाली बे? लाल टोपीची देऊ का केशरी? लाल म्हणजे चाळीस युनिटची, केशरी म्हणजे शंभरची, यात घोटाळा झाला तर डोस अडीच पटीनं इकडचा तिकडं होतो. पोराला यातलं ओ का ठो माहीत नव्हतं. खिशातनं त्यानं करंगळीएवढी काचेची बाटली काढली, तळाला चिमूटभर पांढरी पावडर, वर लेबल, बीपीसी-१५७, पाच एमजी, फॉर रिसर्च यूज ओन्ली. जिममधल्या कुणीतरी मागवून दिलेली. "खांद्याचं टेंडन, स्नायू हाडाला बांधणारी दोरी हो, जुळतंय म्हणे यानं."

तेव्हा काउंटरवर दहा मिनिटांत जेवढं सांगता आलं ते सांगितलं, बाकीचं इथं लिहितोय.

बाटलीत होतं ते पेप्टाइड. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, छोटी असली की पेप्टाइड, लांबत गेली की प्रोटीन. यात नवं काहीच नाही, आमच्या फ्रीजमधलं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं आहे. टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनं १९२१ च्या उन्हाळ्यात कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फसलं, अर्क अशुद्ध होता. मग त्यांच्यासोबतच्या कॉलिप या रसायनतज्ज्ञानं अर्क शुद्ध केला, बारा दिवसांनी परत टोचला, साखर उतरली. म्हणजे कुत्र्यापासून माणसापर्यंत वर्षसुद्धा लागलं नाही. हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

तेव्हा इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातनं काढायला लागायचं. पेप्टाइड हातानं जोडणं म्हणजे महाकिचकट काम, द्यू व्हिन्योनं १९५३ मध्ये नऊ अमिनो आम्लांचं ऑक्सिटोसिन जोडलं तर त्याला दोन वर्षांत नोबेल मिळालं. मग १९६३ मध्ये, म्हणजे ज्या साली सोलापुरात मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच साली, मेरिफील्डनं साखळीचं एक टोक प्लास्टिकच्या बारीक मण्याला चिकटवून एकेक आम्ल जोडत जायची पद्धत काढली. दर जोडणीनंतर नुसतं धुऊन टाकायचं, साखळी मण्यावरच राहते. पुढं हे मशीनवर गेलं. आज पंधरा अमिनो आम्लांची साखळी ऑर्डर देऊन बनवून मिळते, त्या पोराच्या खिशातल्या बाटलीचं मूळ इथं आहे. बनवणं सोपं झालं, तपासणं होतं तेवढंच अवघड राहिलं.

तपासून बाजारात आलेलीही आहेत की. डायबेटिक पायाच्या जखमेवरचं बेकाप्लर्मिन जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं (ते पेप्टाइड नाही, प्रोटीन आहे, पण खानदान तेच). हाडं ठिसूळ झालेल्यांसाठीचं टेरिपॅराटाइड २००२ मध्ये, त्याची पेनं आमच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनशेजारीच असतात.

आता बाटलीतल्या मालाकडं येऊ. क्रोएशियात झाग्रेबला प्रेद्राग सिकिरिच नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांच्या गटानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं. म्हणणं असं की माणसाच्या जठररसात शरीराला जपणारं एक प्रोटीन असतं आणि हा त्यातला १५ अमिनो आम्लांचा तुकडा. बॉडी प्रोटेक्शन कंपाउंड, म्हणून बीपीसी. सुरुवात पोटाच्या अल्सरपासनं झाली, मग आतडं, मग उंदराच्या टाचेमागचं टेंडन कापून बघितलं तर तेही लवकर जुळलं, मग लिगामेंट, स्नायू, हाड, नस, जे कापलं ते जुळलं. शेकड्यानं पेपर आले, आणि त्यातले बहुतेक त्याच एका गटाचे. मला इथंच खटकतं. दुकानात एकच गोळी डोकेदुखी, मूळव्याध, केसगळती सगळ्यावर चालते असं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, सांगायला लागला तर आपण त्याला चहा पाजून वाटेला लावतो.

टेंडनची गोष्ट वेगळी हेही खरंय. त्याला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळं स्नायू आठवड्यांत सावरतो तिथं टेंडन महिनोन्‌महिने रखडतं. बीपीसीनं नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते असं उंदरांवर दिसलं, म्हणून तर खेळाडूंच्या तोंडाला पाणी सुटलं. पण नव्या रक्तवाहिन्या गाठीलाही लागतात, कॅन्सरच्या गाठीलासुद्धा, आणि माणसात वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं हे बघणारा अभ्यास झालेलाच नाही.

माणसांवर काय झालं? प्लिव्हा या क्रोएशियन कंपनीनं आतड्याच्या कोलायटिससाठी, म्हणजे सुजेसाठी, माणसांवरच्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेलं, औषध काही बाजारात आलं नाही. २०१५ मध्ये ४२ निरोगी लोकांवरची पहिल्या टप्प्याची ट्रायल नोंदवली गेली, निकाल छापून आलेच नाहीत. गुडघ्यात इंजेक्शन दिलेल्या मोजक्या पेशंटांची एक नोंद आहे, तुलनेला दुसरा गटच नाही. इन्सुलिनला काही महिने लागले होते, इथं तीस वर्षं उलटून गेली तरी आपण उंदरापाशीच आहोत.

जिमवाले बीपीसीसोबत टीबी-५०० पण देतात. त्याचा वंश जुना. छातीतल्या थायमस ग्रंथीवर अॅलन गोल्डस्टीन १९६० च्या दशकापासनं काम करत होते, त्यातनं ४३ अमिनो आम्लांचं थायमोसिन बीटा-४ निघालं. जखम भरताना पेशींना जागा बदलायला त्याची मदत होते. टीबी-५०० हे त्याचंच दुसरं नाव म्हणून खपवतात, पण रेसच्या घोड्यांना देत असलेला हा माल हाँगकाँगच्या लॅबनं २०१२ मध्ये तपासला तर आत फक्त सात आम्लांचा तुकडा! चादर म्हणून पैसे घेतले आणि हातरुमाल दिला असला प्रकार.

खेळाडूंना तर हे लैच महागात पडलंय. ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन फुटबॉल क्लबनं २०१२ च्या सीझनला पोरांना इंजेक्शनं दिली, त्यात थायमोसिन बीटा-४ होतं असं ठरवून जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादानं ३४ खेळाडूंवर दोन वर्षांची बंदी घातली. क्लबनं दिलं म्हणून घेतलं, हे कुणी ऐकून घेतलं नाही. बीपीसी-१५७ चं नाव २०२२ पासनं वाडाच्या, म्हणजे खेळातल्या डोपिंगवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे, कुठल्याच देशात औषध म्हणून मंजूर नसलेल्या पदार्थांच्या गटात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्यानं, २०२३ मध्ये ते फार्मसीत बनवून द्यायला धोक्याचं म्हणून वेगळं काढलं.

मग विकतात कसं? तर त्या लेबलाच्या जोरावर. संशोधनासाठी म्हटलं की ते औषध नाही, औषध नाही म्हटलं की औषधाचे नियम नाहीत. आमच्याकडं दहा रुपयांच्या पट्टीवर पण बॅच नंबर, लायसन नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, एक्सपायरी असते. मी चष्मा लावून ती बाटली चारी बाजूंनी फिरवली, यातलं एकही नव्हतं.

"पण काका, उंदराचं जुळलं ना?" पोरगं म्हणालं.

जुळलं की. कापलेलं टेंडन होतं ते, आणि तुझं कापलंय का नुसतं सुजलंय हे तरी कुणी बघितलंय का बे? नव्हतं बघितलं. सोनोग्राफीच झाली नव्हती. बाटलीला साडेतीन हजार मोजले होते.

सिरिंज मी दिली नाही. क्रेप बँडेज घेऊन गेलं.