निंबाळ, पाथरी आणि गूढवादाची तुलना

‘सगळे संत शेवटी एकच सांगतात,’ हे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेपासून आषाढीच्या पालखीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. विद्वानांचं मात्र त्यावर अजून एकमत नाही.

आपल्याकडे निरनिराळ्या धर्मांतल्या संतांची अशी तुलना मांडणारं ठळक नाव शहाजहानचा मुलगा दारा शुकोहचं. सुफी आणि वेदान्ती यांचं मूळ एकच, असं मानणाऱ्या या शहजाद्याने १६५७ मध्ये उपनिषदं फारसीत आणवली. दोनच वर्षांत औरंगजेबाने त्याला मारलं, पण त्या फारसीवरून झालेलं लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये छापलं गेलं आणि युरोपला उपनिषदांची गोडी लागली. पुढे १९०२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी गूढ अनुभवाच्या, म्हणजे परमतत्त्वाशी थेट भेट झाल्याच्या अनुभवाच्या, चार खुणा सांगितल्या: शब्दांत न मावणारा, ज्ञान देणारा, फार न टिकणारा आणि आपण घडवला नसून आपोआप घडलेला. जर्मन धर्मअभ्यासक रुडॉल्फ ऑटो यांनी शंकराचार्य आणि मध्ययुगीन जर्मन ख्रिस्ती गूढवादी माइस्टर एकहार्ट शेजारी ठेवून पाहिले.

याच काळात जमखंडीचे रा. द. रानडे लिहीत होते. अलाहाबादेत तत्त्वज्ञान शिकवणारे, तिथेच कुलगुरू झालेले गुरुदेव शेवटी होटगी-विजयपूर लोहमार्गावरच्या निंबाळला राहिले आणि १९५७ मध्ये तिथेच गेले. महाराष्ट्रातल्या संतांवरच्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी तुकोबांच्या तळमळीला स्पॅनिश संत जॉन यांची ‘आत्म्याची काळरात्र’ (देव दुरावल्यासारखा वाटण्याचा काळ) ही संज्ञा लावली. ती लागू पडते, पण पुरती नाही. जॉन यांना स्वतःच्याच पंथबंधूंनी टोलेडोत कोंडलं होतं. तुकोबांच्या वाट्याला दुष्काळ, दिवाळं आणि बायकोचा मृत्यू आला. शिवाय तुकोबा भांडता भांडता ‘माझे लेखी देव मेला’ म्हणून मोकळे होतात. स्पॅनिश मठात असं बोलणं चाललं असतं का?

नेमकी हीच शंका १९७८ मध्ये गूढवादाचे अभ्यासक स्टीव्हन कॅट्झ यांनी सिद्धान्त म्हणून मांडली. आधी निखळ अनुभव आणि मग त्यावर धर्माची भाषा, असं काही नसतं. परंपरा जे शोधायला शिकवते त्यानेच अनुभव घडतो. मला हे निम्मं पटतं. कारण परंपरा एक असली तरी वाटा फुटतातच. सिद्धराम सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदत असताना अल्लमप्रभूंनी येऊन त्यांच्या कर्मालाच आव्हान दिलं, असं शरणसाहित्य, म्हणजे लिंगायत संतांचं साहित्य, सांगतं. दोघेही शिवभक्तच.

रानड्यांचे गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज. त्यांचेच दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. गुरूंनी दिलेली वाट नामध्यानाची, मुंगीच्या पावलांची. गुरू गेल्यावर सिद्धरामेश्वरांनी विहंगम मार्ग धरला, पक्ष्यासारखी विचाराने थेट झेप घेण्याचा. गुरुबंधूंना तो रुचला नाही. रानडे नामालाच धरून राहिले. पाथरीच्या महाराजांचे शिष्य निसर्गदत्त यांच्या मुंबईच्या माळ्यावर परदेशी साधक प्रश्न विचारायला येत. निंबाळला जाणारा साधक आजही नेमाला, म्हणजे ठरलेल्या नामध्यानाला, बसतो.