सोनाटा फॉर्मचं उशिरा झालेलं बारसं

मोझार्टची ४० नंबरची सिम्फनी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते, फक्त ती मोझार्टची आहे हे माहीत नसतं. सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'मधल्या 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा'ची चाल तिच्या पहिल्याच ओळीवरून बांधली होती. त्या गाण्यावरून मूळ सिम्फनीकडे गेलं की पहिलं अर्धं मिनिट ओळखीचं वाटतं आणि मग गाडी कुठे चाललीये तेच कळेनासं होतं. मग आपण शोधाशोध करतो आणि समोर येतो तो सोनाटा फॉर्मचा, म्हणजे अशा रचनांच्या पहिल्या भागाच्या नेहमीच्या साच्याचा, तक्ता. एक्स्पोझिशन (चालींची ओळख), डेव्हलपमेंट (मधली भटकंती), रिकॅपिच्युलेशन (परत येणं), पहिली थीम म्हणजे चाल, दुसरी थीम वगैरे. मीपण तो पाठ केला होता, आणि मोठ्या उत्साहात मोझार्टच्याच काळातला हायडन ऐकायला बसलो तर दुसरी थीम काही सापडेचना! आपलेच कान कच्चे असं समजून बरेच दिवस गप्प होतो.

नंतर लक्षात आलं की तक्ताच उशिराचा आहे. मोझार्ट गेला १७९१ मधे, हायडन १८०९, बीथोव्हन १८२७. 'सोनाटा फॉर्म' हे नाव रुळवलं ते बर्लिनच्या आडोल्फ बर्नहार्ड मार्क्स या संगीतशास्त्र्याने, आणि त्याच्या संगीतरचनेवरच्या ग्रंथाच्या ज्या खंडात हे सगळं नीट मांडलंय तो आला १८४५ ला. कार्ल चेर्नी, म्हणजे ज्याचे एक्झरसाइझ पियानो शिकणारी पोरं अजून घासतात तो बीथोव्हनचा शिष्य, त्यानेही त्याच दशकाच्या शेवटी रचनेवरचं पुस्तक काढलं. म्हणजे पोरं मोठी होऊन, म्हातारी होऊन, गेली सुद्धा आणि मग बारसं. त्यातून मार्क्सचा आदर्श होता बीथोव्हन, त्यामुळे पहिली थीम पुरुषी, दुसरी बायकी, दोघांची टक्कर, असलं नाट्य त्याने त्यात भरलं. ते पुढे पाठ्यपुस्तकांतून शंभर वर्षं चाललं.

मोझार्ट-हायडनच्या काळातला माणूस याबद्दल काय बोलायचा ते पाहायचं तर संगीतावर लिहिणारा हाइनरिख क्रिस्टोफ कॉख. त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १७८२ ते १७९३ मधला. तो पहिल्या मूव्हमेंटचे (मूव्हमेंट म्हणजे सिम्फनीतला एक स्वतंत्र तुकडा) दोन भाग आणि त्यात तीन मोठे टप्पे सांगतो, पण सगळा हिशोब स्वरांच्या मुक्कामाचा, कुठल्या कीमधे (म्हणजे कुठल्या सुराला सा मानून) पोचलो, कुठे थांबलो, कधी परत आलो.

आणि हे आपल्या कानांना खरं तर सोपं जायला हवं, पण एक अडचण आहे. आपल्याकडे तानपुरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सा धरून बसलेला असतो, राग कितीही फिरला तरी घर तिथेच. तिकडे सा स्वतःच हलतो. मेजरमधली (शुद्ध गंधाराची) रचना असेल तर पहिला भाग संपेपर्यंत पंचमालाच सा करून टाकतात, मायनर (कोमल गंधाराची) असेल तर बहुतेक वेळा कोमल गंधाराला. मग मधे जी भटकंती होते ती डेव्हलपमेंट, आणि शेवटी मूळ सा आणि सुरुवातीची चाल एकाच वेळी परत येतात. हे एका रात्रीत कुणी ठरवलेलं नाही. जुन्या नाचांच्या संगीतात दोन भाग असायचे, प्रत्येक भाग दोनदा वाजायचा, पहिला घरापासून दूर जाणारा आणि दुसरा घरी परतणारा. डोमेनिको स्कार्लातीच्या ५५५ सोनाटांपैकी (पियानोसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावरच्या रचना) ढीगभर याच साच्यातल्या आहेत. इटालियन ऑपेराच्या आधी वाजणाऱ्या सिनफोनियातून त्यात जोश आणि ठळक विरोध आला, आणि हळूहळू दुसऱ्या भागातलं ते 'परत येणं' म्हणजे सगळ्या मूव्हमेंटचा मोठा क्षण होऊन बसला.

आता ४० नंबर परत ऐका. जी मायनरमधे सुरू होते, मग बी फ्लॅट मेजरमधे जाऊन दुसरी, जरा सुस्कारे टाकणारी चाल येते. शेवटी घरी आल्यावर तीच चाल जी मायनरमधे येते आणि तिचा चेहराच उतरलेला असतो. सूर जवळपास तेच, सा बदलला की जीव तुटतो. मला तरी सगळ्या तक्त्यापेक्षा हे एक उदाहरण जास्त कळलं.

हायडनच्या १०४ व्या सिम्फनीत (लंडन, १७९५) पंचमावर पोचल्यावर नवी चाल येतच नाही, पहिलीच परत वाजते, नव्या घरात. त्याच्या लेखी पोचणं महत्त्वाचं, नवी चाल असली काय नसली काय. मी शोधत होतो ती दुसरी थीम तिथे नव्हतीच, हुश्श. आणि मोझार्टची ती प्रसिद्ध 'सोपी' सी मेजर सोनाटा, १७८८ च्या उन्हाळ्यातली, ४० नंबरच्या महिनाभर आधीची, तिच्यात सुरुवातीची चाल परत येते ती चक्क मध्यमावर, एफ मेजरमधे! मार्क्सच्या तक्त्याने पेपर तपासला तर मार्क जाणार.

बीथोव्हनने घराची वाट लांबवली. १८०५ मधे जाहीरपणे वाजलेल्या त्याच्या 'इरोइका' सिम्फनीची पहिली मूव्हमेंट ६९१ बारची (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), मधली भटकंती एक्स्पोझिशनपेक्षा मोठी, आणि भटकंतीतच एक अख्खी नवीन चाल. परत यायच्या चार बार आधी एक हॉर्न घाई करून मूळ चाल वाजवून टाकतो, बाकीचे अजून पोचलेलेच नसतात. बीथोव्हनचा शिष्य फर्डिनांड रीसला पहिल्या तालमीत वाटलं की वाजवणारा चुकला, त्याने तसं बोलूनही दाखवलं आणि बीथोव्हनच्या हातची थप्पड थोडक्यात चुकली, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

शूबर्टला घरी जायची घाईच नाही. १८२२ च्या 'अपुऱ्या' सिम्फनीत बी मायनरमधून नेहमीच्या डी मेजरला जायचं सोडून तो जी मेजरमधे, म्हणजे कोमल धैवतावर उतरतो, आणि तेही काही जिने बांधत नाही, हॉर्न आणि बॅसून ही फुंकवाद्यं एक सूर धरतात, सूर सरकतो आणि चेलोंची ती सुंदर चाल सुरूच होते. ही सिम्फनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली १८६५ ला, शूबर्ट जाऊन ३७ वर्षं झाली होती.

छोट्या पियानो तुकड्यांत मात्र काळ ओळखायला डावा हात ऐकला की निम्मं काम होतं. खाली-वर-मधे-वर असा चार सुरांचा चरखा जवळजवळच्या पट्ट्यांवर फिरतोय, म्हणजे अल्बर्टी बेस, बहुतेक १८ वं शतक. डावा हात लांब लांब उड्या मारतोय आणि पेडलने सगळे सूर एकात एक मिसळलेत, तर आपण जॉन फील्डच्या इलाक्यात आलो. हा डब्लिनचा माणूस रशियात राहिला, त्याचे पहिले नॉक्टर्न (रात्रीच्या मूडचे छोटे पियानो तुकडे) १८१२ ला छापले गेले, आणि शोपाँने ते नाव आणि तो हात दोन्ही पुढे नेले.

बाकी क्लासिकल (मोझार्ट-हायडनचा काळ) आणि रोमँटिक (त्याच्या नंतरचा) ही लेबलंही अशीच मागाहून चिकटलेली. ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाने १८१० मधे बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीवर लिहिताना हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हन तिघांनाही रोमँटिकच म्हटलंय. त्यामुळे जुन्या लेखात 'रोमँटिक मोझार्ट' असं दिसलं तर छपाईची चूक समजू नका.