गाजलेलं आणि आघाडीचं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचा विषय मागायला येतात तेव्हा मागणी ठरलेली: "सर, एकदम लेटेस्ट द्या." लेटेस्ट म्हणजे काय विचारलं, की फोनवरची बातमी पुढे होते. 2023 च्या पावसाळ्यात ती एलके-99 ची होती.

दक्षिण कोरियातल्या एका गटाचा दावा असा, की शिसं-तांब्याचा हा काळपट खडा खोलीच्या तापमानाला अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज अजिबात रोध न होता वाहते. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचा व्हिडिओही फिरला. जगभर, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही, तो बनवून पाहिला गेला. महिन्याभरात फुगा फुटला. 104 अंश सेल्सिअसच्या आसपास रोध कोसळत होता तो खड्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. त्या तापमानाला त्याची रचनाच बदलते. प्रश्न विज्ञानाच्या आघाडीचा होता, हे मात्र खरं.

आता आमच्या सातारा जिल्ह्यातलं बघा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 चा भूकंप झाला आणि त्या पट्ट्यातले धक्के अजून थांबलेले नाहीत. धरणातल्या पाण्याशी त्यांचा संबंध आहे, इथवर सगळे येतात. पण पाणी भेगांतून किती खोल उतरतं, तिथला दाब वाढल्यावर खडकाची पकड नेमकी कधी सुटते, हे वरून कळत नाही. म्हणून पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटरचं बोअर घेतलं, 2017 साली ते पुरं झालं. (पाण्यासाठी पाचशे फूट गेलं तरी आपल्याकडे घरात भांडण होतं, हे जवळजवळ दहा हजार फूट.) सव्वा किलोमीटर काळा कातळ, त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. हे काम बघणारी भूभौतिकी प्रयोगशाळा कराडात आहे.

विषय काय, तर घर्षण. शाळेच्या पुस्तकातलं. जुना विषय, पण उत्तर कुणाकडे नाही आणि मोजायची सोय आत्ता कुठे झाली. मी आघाडी म्हणतो ती याला. गाजणं आणि आघाडी, दोन्ही एकत्रही येतात. 2015 साली गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) सापडल्या, त्या गाजल्याही.

पाटणच्या एका पोरानं शेवटी घर्षणच घेतलं. उतरती फळी, कातळाचे दोन तुकडे, मध्ये पाणी. पंधरा वेळा करून पाहिलं, पंधरा कोन वेगळे. वैतागून म्हणाला, "सर, क्वांटम बरं होतं."