सोर्स कोडच्या कॉमेंट्समधून रेगेक्सनं डॉक्युमेंटेशन काढणं

प्रोग्राम लिहिताना कोडच्या शेजारीच माणसांनी वाचायसाठी जो मजकूर लिहून ठेवलेला असतो, म्हणजे कॉमेंट, तो रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरात काय शोधायचं त्याचा चिन्हांत लिहिलेला नमुना, म्हणजे पॅटर्न) वापरून फाइलमधून वेचून काढायचा आणि त्याचं सलग वाचता येईल असं डॉक्युमेंट करायचं, अशी ही पद्धत आहे. रेग्युलर एक्सप्रेशनला बोलताना सगळे रेगेक्सच म्हणतात, म्हणून इथंही तेच. कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, कॉमेंट टाकून देतो, त्याला तिच्याशी देणंघेणं नसतं, आणि म्हणूनच ती गोळा करायचं काम वेगळ्या टूलवर येतं.

उगम

या पद्धतीचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी सुरुवात डोनाल्ड कनूथ यांच्या लिटरेट प्रोग्रामिंगपासून केलेली दिसते, त्यांचा त्या नावाचा लेख १९८४ चा, आणि त्यांच्या वेब नावाच्या सिस्टिममध्ये टँगल आणि वीव्ह असे दोन प्रोग्राम होते. पण नीट बघितलं तर तिथं दिशाच उलटी आहे. कनूथ यांच्याकडं मूळ फाइल म्हणजे माणसासाठी लिहिलेला निबंध, आणि टँगल त्यातून मशीनसाठी कोड बाहेर काढतो. आपल्या विषयात मूळ फाइल कोडची असते आणि बाहेर काढायचा तो मजकूर. त्यामुळं कनूथ यांचं नाव प्रेरणा म्हणून घ्यावं, पण वंशावळ तिथून लावणं फारसं पटत नाही.

दुसरं मत लिस्प ही भाषा आणि इमॅक्स हा एडिटर यांच्याकडं बोट दाखवतं. इमॅक्समध्ये फंक्शनच्या आतच त्याचं वर्णन लिहायची रीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची म्हणता येते, आणि पुढं ग्नू इमॅक्समध्ये सी भाषेतल्या फाइली वाचून ती वर्णनं एका जागी गोळा करणारा एक छोटा स्वतंत्र प्रोग्रामच आला. काम तेच, फक्त तो रेगेक्सवर नाही तर एकेक अक्षर वाचत चालतो. तिसरं मत जावाडॉकचं, म्हणजे जावाच्या कॉमेंटमधून डॉक्युमेंटेशन काढणाऱ्या टूलचं. १९९६ सालच्या जावाच्या पहिल्याच स्पेसिफिकेशनमध्ये डॉक्युमेंटेशन कॉमेंटवर वेगळं प्रकरण होतं, आणि /** हे चिन्ह आज जगभर ओळखीचं झालंय ते जावामुळंच. पर्लमधला पॉड हा डॉक्युमेंटेशन लिहायचा प्रकार मात्र याच्याही थोडा आधीचा, १९९४ च्या पर्ल ५ मधला, आणि त्यात ओळीच्या सुरुवातीलाच बरोबरचं चिन्ह आलं की मजकूर सुरू, त्यामुळं एका साध्या रेगेक्सनं तो पकडता येतो. रेगेक्सपुरतं बोलायचं तर मला पॉडची बाजू जास्त भक्कम वाटते, कारण मजकुराची खूण पॅटर्नला सहज सापडावी अशी मुद्दाम ठेवलेली तिथं स्पष्ट दिसते.

रेगेक्सचा स्वतःचा इतिहास त्यामानानं सरळ आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ च्या एका अहवालात ही कल्पना मांडली, तो १९५६ ला छापून आला. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ती मजकूर शोधायला वापरायची रीत प्रसिद्ध केली, आणि फाइलींत पॅटर्न शोधणारं ग्रेप साधारण १९७३ चं धरतात. रेगेक्स दिले की मजकुराचे तुकडे पाडणारा प्रोग्राम बनवून देणारं लेक्स १९७५ चं, माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांचं, आणि आपल्याकडं इंजिनिअरिंगला कंपायलरचा विषय घेतलेल्या पोरांना ते माहीत असतंच. १९९७ साली आलेलं डॉक्सिजन हे डॉक्युमेंटेशनचं टूल आजही लेक्सचाच वारस असलेल्या फ्लेक्सवर उभं आहे, म्हणजे आतून रेगेक्सच, पण त्याच्या जोडीला आपण आत्ता कॉमेंटमध्ये आहोत की स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) हे लक्षात ठेवणाऱ्या अवस्था असतात. हा जो फरक आहे ना, त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

कॉमेंट पकडणारा पॅटर्न

कॉमेंट सुरू आणि बंद करणारी /* आणि */ ही जोडी पीएल/वन भाषेतून बी आणि सी मध्ये आली असं मानतात, तिथून ओळ संपेपर्यंत कॉमेंट असं सांगणाऱ्या दोन तिरप्या रेघा (//) मात्र बीसीपीएलच्या, त्या सी++ नं परत आणल्या आणि सी मध्ये अधिकृतपणे १९९९ च्या स्टँडर्डमध्ये घेतल्या. पॅटर्न लिहायला बसलं की पहिली अडचण हीच की कॉमेंटमधला तारा आणि रेगेक्समधला क्लीनींचा तारा (आधीचं अक्षर कितीही वेळा) एकच चिन्ह, म्हणून प्रत्येक खऱ्या ताऱ्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

नवखा माणूस पहिल्यांदा /\*.*\*/ असं लिहितो. हा पॅटर्न हावरा आहे, एका ओळीत दोन कॉमेंट असल्या तर पहिलीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या शेवटापर्यंत सगळं गिळतो, मधला कोडसुद्धा. मग कुणीतरी सांगतं की प्रश्नचिन्ह टाक, आणि /\*.*?\*/ असं होतं, ते एका ओळीपुरतं चालतं पण टिंब, म्हणजे कुठलंही एक अक्षर, रेगेक्स चालवणाऱ्या बहुतेक इंजिनांत नवी ओळ ओलांडत नाही, त्यासाठी वेगळा फ्लॅग लागतो. फ्लॅगशिवाय आणि प्रश्नचिन्हाशिवाय, जुन्या लेक्समध्येही चालणारा पॅटर्न असा:

/\*([^*]|\*+[^*/])*\*+/

वाचायचा कसा, तर सुरुवातीची जोडी, मग एक तर तारा नसलेलं कुठलंही अक्षर, नाहीतर तारे आणि त्यांच्या मागोमाग तारा किंवा तिरपी रेघ नसलेलं अक्षर, असं कितीही वेळा, आणि शेवटी एक किंवा जास्त तारे व तिरपी रेघ. हा बरोबर आहे, पण जावाच्या इंजिनात मोठी कॉमेंट आली की त्या कंसाच्या प्रत्येक फेरीला स्टॅक (अर्धवट कामं लक्षात ठेवायची मेमरी) वाढतो आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून जाणकार तो उलगडून लिहितात:

/\*[^*]*\*+([^/*][^*]*\*+)*/

यात कंसाची फेरी अक्षरामागं होत नाही, ताऱ्यामागं होते, म्हणजे नेहमीच्या डॉक कॉमेंटमध्ये साधारण ओळीला एक. अशा पॅटर्नचा वेळ आणि मेमरी हा खरोखर गंभीर विषय आहे. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद होतं ते ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका साध्या रेगेक्समुळं, आणि ज्या मजकुरानं ते अडलं त्यात कोडमधल्या एका कॉमेंटच्या ओळीत सुमारे २०,००० मोकळ्या जागा होत्या.

आता स्ट्रिंग. कोडमध्ये "/पट्ट्या/*" असा फाइलींचा पत्ता अवतरणात लिहिलेला असेल तर पॅटर्नला त्यातलं /* दिसतं आणि तो पुढची */ सापडेपर्यंत सगळं कॉमेंट समजून उचलतो, कधी कधी दोनशे ओळी. वेबसाइटच्या पत्त्यातल्या दोन तिरप्या रेघांचंही तेच. यावरचा उपाय फार सुंदर आहे, कॉमेंट शोधायच्या पॅटर्नमध्येच आधी स्ट्रिंगचा पॅटर्न जोडायचा:

"(\\.|[^"\\])*"

आणि मधे ‘किंवा’ सांगणारी उभी रेघ देऊन कॉमेंटचा. इंजिन डावीकडून जे पहिलं सापडेल ते घेतं, स्ट्रिंग सापडली तर ती पूर्ण ओलांडून पुढं जातं आणि आपण ती फेकून देतो, कॉमेंट सापडली तर ठेवतो. ज्याला नको आहे तेही मुद्दाम पकडायचं, ही युक्ती ज्याला कळली त्याची निम्मी डोकेदुखी गेली.

कॉमेंटच्या आत कॉमेंट हा प्रकार मात्र खऱ्या अर्थानं रेग्युलर राहत नाही. सी मध्ये तो चालतच नाही म्हणून निभावतं, रस्ट, स्विफ्ट, हॅस्केल या भाषांत चालतो, तिथं किती जोड्या उघडल्या ते मोजावं लागतं आणि क्लीनींच्या व्याख्येतल्या रेगेक्सला मोजता येत नाही. पर्लसारख्या इंजिनांनी स्वतःलाच परत बोलवायची सोय दिलीय, पण ते मग नावापुरतंच रेग्युलर.

पकडलेली कॉमेंट साफ करताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा तारा काढायला ^ *\*+ ? हा पॅटर्न चालतो. कुणी ताऱ्यानंच यादी केली असेल आणि ओळींना डावीकडचे तारे दिलेच नसतील तर यादीची खूणही जाते.

मराठी मजकूर

याबद्दल फारसं कुठं लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर. रेगेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी उलटी रेघ आणि डब्ल्यू अशी खूण असते. जावास्क्रिप्टमध्ये ती फक्त रोमन अक्षरांपुरती. पायथॉनच्या नेहमीच्या लायब्ररीत देवनागरी व्यंजनं आणि स्वर धरले जातात पण मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण धरली जात नाही. परिणाम असा की ‘हळद’ हा शब्द पूर्ण येतो कारण त्यात एकही मात्रा नाही, पण ‘पट्टी’ चे ‘पट’ आणि ‘ट’ असे दोन तुकडे होतात, ‘सांगली’ चे ‘स’ आणि ‘गल’, ‘कराड’ चे ‘कर’ आणि ‘ड’, आणि ‘सातारा’ तर स, त, र असा सुटा सुटा पडतो. उपाय म्हणून [ऀ-ॿ]+ असा देवनागरीचा पूर्ण पट्टा द्यायचा, त्यात १२८ जागा आहेत, फक्त दंड आणि देवनागरी आकडेही त्यातच येतात हे लक्षात ठेवायचं. ‘शेतकऱ्याची’ मधला अर्धा र अजून वेगळाच, तो ऱ वापरून टाइप करता येतो किंवा र, पाय मोडायची खूण आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून, आणि ते जोडचिन्ह या पट्ट्याच्या बाहेर आहे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि एक शोधलं की दुसरं सापडत नाही.

जावाडॉक पहिलं वाक्य सारांश म्हणून वर घेतं, आणि पूर्णविरामानंतर मोकळी जागा आली की वाक्य संपलं असा त्याचा मूळ नियम. ‘दर रु. प्रति क्विंटल धरावा’ असं लिहिलं की सारांशात ‘दर रु.’ एवढंच उरतं. तयार डॉक्युमेंटची सूची लावतानाही ळ चा क्रम बिघडतो, युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढं बसतो आणि आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर येतो. सातारा जिल्ह्यात वाईला तयार झालेला आणि १९७६ ला पहिला खंड आलेला मराठी विश्वकोश अकारविल्हे हातानं लावला गेला, त्यात माणसाला जे सहज कळतं ते मशीनला वेगळं सांगावं लागतं.

फॉक्सप्रो आणि अडत दुकानांचे प्रोग्राम

सांगली मार्केट यार्डातली अडत दुकानं, पतसंस्था, दूध संस्था यांचं जुनं काम मी बघितलंय त्यातलं बरंच क्लिपर आणि फॉक्सप्रोत होतं. या भाषांत ओळीच्या सुरुवातीला तारा आला की ती ओळ कॉमेंट, आणि कोडच्या मागं && दिलं की उरलेला भाग कॉमेंट. म्हणजे ^ *\* एवढा पॅटर्न पुरावा असं वाटतं, मलाही वाटलेलं.

हळदीच्या एका अडत दुकानाचा प्रोग्राम नवीन भाषेत न्यायचा होता, लिहिणारा माणूस राहिला नव्हता, कागद कुठलेच नव्हते, म्हणून सगळ्या कॉमेंट काढून आधी वाचायच्या ठरवलं. काढलेल्या मजकुरात एका ठिकाणी नुसतं ‘दर / १००’ असं आलं. हिशोब कळत होता, वजन किलोत आणि दर क्विंटलचा म्हणून भागिले शंभर, पण असं अर्धवट कोण लिहून ठेवेल. फाइल उघडली तर वरची ओळ अशी होती की रक्कम बरोबर वजन आणि शेवटी अर्धविराम, आणि खालची ओळ ताऱ्यानं सुरू. फॉक्सप्रोत ओळीच्या शेवटी अर्धविराम म्हणजे ओळ पुढं चालू, त्यामुळं तो तारा गुणाकाराचा होता, शेतकऱ्याच्या पट्टीतली रक्कम काढणाराच कोड मी कॉमेंट म्हणून उचलला होता. आणि हेच उलटंही होतं, कॉमेंटच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम असला तर खालची ओळ तारा नसतानाही कॉमेंटच असते, तशाही काही सुटल्या होत्या. सी मध्ये दोन तिरप्या रेघांच्या कॉमेंटला शेवटी उलटी रेघ दिली की तसंच होतं, आणि जुन्या स्टँडर्डमध्ये ??/ ही तीन चिन्हंही उलटी रेघच मानली जायची. दोन्हीकडं उपाय एकच, आधी पुढं चालू असलेल्या ओळी जोडून एक करायच्या, प्रत्येकीचा मूळ ओळ नंबर जपून ठेवायचा, आणि मगच कॉमेंट शोधायची.

तसं केल्यावर जे हाती आलं ते बहुतेक रोमन अक्षरांत टाइप केलेलं मराठी होतं. निम्मं म्हणजे बंद करून ठेवलेला जुना कोड, तो हातानं गाळावा लागला, कारण बंद केलेला कोड आणि लिहिलेलं वाक्य यातला फरक पॅटर्नला कळत नाही. उरलेल्यात एक ओळ होती, ‘हमाली पोत्यावर, वजनावर नाही, अर्धं पोतं पण एक धरायचं’. हा नियम त्या दुकानात दुसरीकडं कुठंच लिहिलेला नव्हता, आणि नवीन प्रोग्रामच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात हमाली वजनावर लावलेली होती.

पार्सरवरची टूल्स

गो भाषेचं गोडॉक भाषेचा पार्सरच (व्याकरणानुसार कोड वाचणारा प्रोग्राम) वापरतं, रस्टडॉक रस्टच्या कंपायलरवरच बांधलंय, पायथॉनमध्ये २००८ ला आलेलं स्फिंक्स ऑटोडॉक सुविधेत मॉड्यूल चक्क लोड करून वर्णनं वाचतं. कॉमेंट कुठल्या फंक्शनची हे ठरवायचं असेल तर पार्सरच बरा, कारण मधे एखादी ॲनोटेशनची ओळ आली की रेगेक्सचा धागा तुटतो. २०१० चं डोको हे टूल मात्र निव्वळ ओळीच्या सुरुवातीचा पॅटर्न लावून कॉमेंट डावीकडं आणि कोड उजवीकडं मांडतं, कुठली कॉमेंट कशाची हे ठरवायच्या भानगडीतच पडत नाही, आणि फॉक्सप्रोच्या त्या फाइलींसाठी शेवटी मी पानाची तीच मांडणी घेतली, प्रत्येक ओळीपुढं मूळ फाइलचा ओळ नंबर टाकून.